अनुस्वार आधी उडतो

विसर्जन होऊन पंधरा दिवस झाले असतील. ढोल पथकातला एक मुलगा टी-शर्ट घेऊन दुकानात आला आणि काउंटरवर पाठीची बाजू वर करून पसरला. पिवळ्या अक्षरांतल्या 'मंडळ'चं 'मडळ' झालं होतं. बाकी अक्षरं जागच्या जागी, फक्त वरचं टिंब गायब. "आईने पावडर बदलली होती काका, त्यानेच झालं असणार," तो म्हणाला. बिचारा मलाच सांभाळून घेत होता. पावडरीचा काही संबंध नव्हता. टिंब त्याच्या घरच्या बादलीत सुटलं हे खरं, पण ते सैल राहिलं माझ्या मशीनखाली, ज्या दिवशी मी तो शर्ट दाबला त्या दिवशी.

दहीहंडीची पथकं, कबड्डीचे संघ, दिंड्या, शाळांची स्नेहसंमेलनं अशांचे टी-शर्ट मी बरीच वर्षं हीट प्रेसवर छापतोय. प्रिंट निघाली की सगळे धुणाऱ्यावर घसरतात. माझ्याकडे परत आलेले शर्ट उलटसुलट करून पाहिले, तर बहुतेक वेळा दोष छापणाऱ्याचाच निघतो. तुम्ही घरी इस्त्रीने एखादं नाव चिकटवणार असा, छोटं मशीन घेऊन धंदा मांडणार असा किंवा मंडळासाठी शंभर शर्टांची ऑर्डर देणार असा, लक्ष द्यायचं ते या दाबण्याच्या काही सेकंदांकडे. धुण्याचे नियम आहेतच, पण ते नंतर.

शर्टावर दाबायची ट्रान्स्फर म्हणजे दोन थर. वर रंगाचा, खाली डिंकाचा. हा डिंक बाटलीतल्यासारखा ओला नसतो. एरवी कोरडा असतो, तापला की लाखेसारखा वितळतो, वरून दाब मिळाला की धाग्यांच्या फटींत उतरतो आणि निवला की तिथेच घट्ट होतो. पार्सलच्या सुतळीवर लाखेची मोहोर लावलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. सुतळीच्या पिळांत उतरलेली लाख नखाने निघत नाही. वरवर बसलेली असेल तर टचकन उडते. उष्णता, वेळ आणि दाब या तिघांपैकी एक जरी कमी पडलं तरी डिंक फटींत न उतरता कापडाच्या लवेवरच अडकून राहतो. दिसायला अगदी छान. पहिल्या-दुसऱ्या धुण्याला कोपरा उचलतो.

चांगली बसलेली प्रिंट ओळखायची एक खूण आहे. शर्ट पूर्ण निवला की प्रिंट उजेडाकडे तिरकी धरा. रंगाच्या थरातून खालच्या कापडाची वीण उमटलेली दिसली पाहिजे. पृष्ठभाग काचेसारखा सपाट दिसत असेल तर ती कापडावर नुसती ठेवलेली आहे, बसलेली नाही. दुकानातून शर्ट ताब्यात घेताना हे एवढं जरी पाहिलंत तरी पुढचा बराच ताप वाचेल.

आधी कापड ओळखा

बाजारात "कॉटन आहे ना?" असं विचारलं की उत्तर "हो" असंच येतं. पॉलिस्टर मिसळलेल्या पीसी कापडालाही "कॉटनच समजा" म्हणतात. म्हणून मी शिवणीच्या आतला एक धागा ओढून चिमट्यात धरतो आणि खाली स्टीलची ताटली ठेवून काडी लावतो. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, आणि मागे मऊ राख उरते. पॉलिस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं आणि निवल्यावर त्याचा टणक काळा मणी होतो. मिश्र कापडात दोन्हींच्या खुणा दिसतात. हा प्रयोग एका धाग्यावर करायचा, शर्टावर नाही. हे सांगावं लागतं म्हणून सांगतोय.

कापड कळलं की कुठली ट्रान्स्फर घ्यायची ते बरंचसं आपोआप ठरतं. हल्ली सर्वांत जास्त चालते ती डीटीएफ. यात फिल्मवर रंगीत शाईने चित्र छापतात, त्यावर पांढरा थर देतात, मग डिंकाची पूड भुरभुरून ती भाजून घेतात. ती फिल्म शर्टावर दाबायची आणि सोलायची. सुती, मिश्र, गडद, फिकं, सगळीकडे चालते आणि फोटोसारखे बारकावे येतात. तोटा एकच, पण आपल्या हवेत मोठा आहे. पाठभर सलग ठोकळा छापला तर तिथून हवा जात नाही. ढोल वाजवणाऱ्या मुलाच्या पाठीवर ते प्लास्टर होतं. मी गिऱ्हाइकाला नेहमी सांगतो, सलग पार्श्वभूमी काढून टाका, कापडाचा रंगच पार्श्वभूमी म्हणून वापरा.

व्हायनिल म्हणजे एकरंगी चादर. मशीनने अक्षरं कापायची, नको तो भाग टोचणीने काढायचा आणि उरलेलं दाबायचं. नावं आणि आकडे यांना हे उत्तम. सब्लिमेशनची तऱ्हाच वेगळी. तिथे डिंक नसतो. १९०-२०० अंश सेल्सिअसला शाईचा रंग घनातून थेट वायू होतो आणि पॉलिस्टरच्या तंतूंत शिरतो. हाताला काही लागत नाही आणि सोलायला काही उरतही नाही. पण कापड पॉलिस्टरचं आणि पांढरं किंवा अगदी फिकंच हवं, कारण या शाईत पांढरा रंग नसतो. पीसी कापडावर केलं तर पॉलिस्टरचे तंतू रंग धरतात, सुती तंतूंवरचा धुऊन जातो, आणि नवा शर्ट पहिल्याच धुण्यात दोन वर्षं जुना दिसायला लागतो. संघाच्या जर्सीचं बजेट असेल तर पांढऱ्या डॉट निट पॉलिस्टरवर सब्लिमेशन करून मगच शिवून घ्या. त्या जर्सीची प्रिंट निघाल्याची तक्रार माझ्याकडे कधी आलेली नाही.

तयार रंगीत जर्सीवर आकडे टाकायचे असतील तर मात्र जपून. एका कबड्डी संघाच्या मरून जर्सीवर मी पांढरे आकडे दाबले होते. संध्याकाळी बर्फासारखे पांढरे होते, दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबी. पोरांनी महिनाभर चिडवून घेतलं. पॉलिस्टर ज्या रंगांनी रंगवतात ते उष्णतेने वायू होणारेच रंग असतात. म्हणजे सब्लिमेशनमध्ये जे आपण मुद्दाम घडवतो तेच इथे नको असताना घडतं. प्रेसच्या उष्णतेने जर्सीतला लाल रंग सुटून वरच्या पांढऱ्यात चढतो. लगेच दिसत नाही, कधी काही तासांनी, कधी दोन दिवसांनी दिसतो. गडद पॉलिस्टरसाठी १३०-१४० अंशांना चिकटणारी आणि रंग अडवणारा थर असलेली फिल्म मिळते, ती मागून घ्या. एक जर्सी दाबून दोन दिवस बाजूला ठेवा, मग बाकीच्यांना हात लावा. आणि संघाला पटलं तर लाल जर्सीवर पांढऱ्याऐवजी काळे आकडे घ्या. काळा गुलाबी होत नाही.

मशीनखालचे पंधरा सेकंद

आकडे फिल्म बनवणाऱ्यागणिक बदलतात, म्हणून पाकिटावरची सूचना आधी वाचायची. तरी अंदाज यावा म्हणून सांगतो. सुती कापडावर नेहमीचं व्हायनिल साधारण १५० ते १६० अंशांना १० ते १५ सेकंद, डीटीएफही त्याच आसपास, पॉलिस्टरवर सब्लिमेशन १९५-२०० अंशांना ४५ ते ६० सेकंद. अंश म्हणजे सेल्सिअस. बऱ्याच मशीनवर फॅरनहाइटची सोय असते आणि चुकून तेच लागलेलं असतं. फॅरनहाइटचे १६० म्हणजे सेल्सिअसचे जेमतेम ७१. तेवढ्यात डिंकाला घामही फुटत नाही.

मशीनच्या डब्यावर दिसणाऱ्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. स्वस्त प्रेसची पाटी मध्यभागी तापते आणि कडेला थंड असते. तापमान दाखवणाऱ्या पट्ट्या मिळतात, त्या चार कोपऱ्यांना आणि मध्ये ठेवून एकदा पाहून घ्या. माझ्या जुन्या मशीनचा डावा खालचा कोपरा नेहमी मागे असायचा. त्या कोपऱ्यात मी डिझाइन कधीच येऊ देत नसे. एकामागून एक शर्ट दाबत गेलं की पाटी निवत जाते, व्होल्टेज कमी असेल तर जास्तच. आकडा पुन्हा वर येईपर्यंत थांबायचं. आणि या मशीनची पिन घरातल्या एक्स्टेन्शन बोर्डात घालू नका. पंधरा इंची प्रेस दीड हजार वॉटच्या आसपास वीज ओढतो. त्याला जाड वायरचा, अर्थिंग असलेला मोठा सॉकेटच हवा.

दाबाची परीक्षा कागदाने होते. वर्तमानपत्राच्या पट्ट्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये ठेवून प्रेस थंड असताना बंद करा आणि एकेक ओढून पाहा. सगळ्या सारख्याच घट्ट बसायला हव्यात. बटण, चेन, गळ्याची जाड शिवण पाटीखाली आली की तिथे टेकू लागतो आणि आजूबाजूच्या कापडाला दाबच पोचत नाही. शिवण पाटीच्या बाहेर लोंबती ठेवा, किंवा डिझाइनच्या आकाराचा रबराचा तुकडा शर्टाच्या आत घालून तेवढाच भाग उचलून घ्या.

आता ओलाव्याबद्दल. आपल्याकडे टी-शर्टांचा हंगाम म्हणजे दहीहंडी आणि गणपती, म्हणजे ऐन पावसाळा. प्रमाणित म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत सुती कापड आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी धरून बसतं. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. दोनशे ग्रॅमचा सुती शर्ट हाताला कोरडा लागला तरी त्यात तीन चहाचे चमचे पाणी असतं, आणि श्रावणातल्या मुंबई-कोकणात त्याहून जास्त. पाटी टेकली की त्याची वाफ होते, ती वर डिंकाला ढकलते आणि डिंक खाली उतरत नाही. म्हणून शर्टावर आधी नुसतीच पाटी पाच सेकंद टेकवायची, उचलायची, वाफ जाऊ द्यायची, मग ट्रान्स्फर ठेवायची. पावसाळ्यात मी हे दोनदा करतो. 'मडळ'च्या दिवशी केलं नव्हतं. रात्रीचे अकरा वाजले होते, पथक सकाळी निघणार होतं आणि अजून सत्तर शर्ट बाकी होते.

या कोऱ्या दाबण्याने सुरकुत्या जातात आणि कापड थोडं आधीच आटतं. नंतर आटणाऱ्या शर्टावर प्रिंट आटत नाही, मग तिला चुण्या पडतात. घाऊक शर्ट घेताना बायोवॉश केलेला, म्हणजे कारखान्यातच एन्झाइमने धुतलेला माल मागा. खळ किंवा सुगंधी सॉफ्टनर भरपूर असलेला शर्ट असेल तर एकदा नुसत्या पावडरीने धुऊन घेतलेला बरा. डिंकाला तेलकट थर चालत नाही.

दाबून झालं की सोलायची घाई. काही फिल्म गरम असताना सोलायच्या असतात, काही कोमट, काही पूर्ण थंड. थंड सोलायची फिल्म गरम ओढली तर डिंक अजून पातळ असतो आणि तो फिल्मबरोबर वर येतो. मी शर्ट प्रेसवरून उचलून थेट शहाबादी फरशीवर टाकतो आणि फळा पुसायच्या डस्टरने वरून घासतो. लवकर निवतं. सोलताना फिल्म वर न उचलता कापडाला लगटून मागे दुमडत न्यायची. एखादं अक्षर फिल्मसोबत उठायला लागलं तर तिथेच थांबा, फिल्म परत टेकवा आणि पुन्हा दाबा. सोलून झाल्यावर बटर पेपर किंवा टेफ्लॉनची शीट ठेवून आणखी पाच-दहा सेकंदांचा दुसरा दाब द्यायचा. कारागीर घाईत गाळतात तो हाच दाब, आणि कापडाची वीण प्रिंटमधून वर उमटते तीही यानेच.

देवनागरीच्या खोड्या

इंग्रजी अक्षरं सुटी असतात, आपली शिरोरेषेला टांगलेली. व्हायनिलसाठी त्याचा फायदा आहे, अख्खा शब्द एकाच तुकड्यात उचलला जातो. पण फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी असते आणि शेजारचीवर थोडी चढलेली असते. ती अक्षरं एकत्र न जोडता फाइल कटरला दिली, तर तो प्रत्येक सांध्यावर काप घेतो आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. मग धुताना एकेका तुकड्याची कड उचलते. संगणकावर आधी सगळी अक्षरं एकमेकांत वितळवून एक आकार करा. छापणाऱ्याला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फाँटऐवजी आकारांत बदलून द्या, नाहीतर त्याच्याकडे तुमचा फाँट नसला की 'श्री'च्या जागी चौकोन उमटतात.

टिंबं हा वेगळाच जाच. अनुस्वार, चंद्रबिंदूमधला ठिपका, 'ङ'चा ठिपका हे सगळे सुटे. नको ते व्हायनिल टोचणीने काढताना तेही निघून जातात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. राहिले तर आकाराने इतके लहान की त्यांच्याखाली डिंक किती असणार? सगळीकडून कडाच कडा. म्हणून शर्टासाठी जाड वळणाचा फाँट घ्या, अनुस्वार चांगला चार-पाच मिलिमीटरचा करा, शक्य तिथे शिरोरेषेला चिकटवून टाका. सुलेखनकाराला ते बघवणार नाही, पण संघाचं 'सघ' होण्यापेक्षा बरं. मिलिमीटरहून बारीक रेघ ठेवूच नका. रफाराची आणि ऋकाराची शेपटी आधी तुटते.

व्हायनिल उलटं कापावं लागतं, हे पहिल्या दिवशी प्रत्येक जण विसरतो. शब्द उलटा आला तर लगेच कळतं. फसवतात ते आकडे. नुसता ० आरशातही ०च दिसतो. दहा नंबरच्या जर्सीत ० नीट बसल्यावर १ उलटा आहे हे मैदानात कळलेलं मी पाहिलं आहे.

घरच्या इस्त्रीने करायचं तर

एखाद-दुसऱ्या शर्टासाठी इस्त्री चालते. आपली साधी, वाफ नसलेली इस्त्री यासाठी उलट चांगली, कारण वाफेच्या इस्त्रीच्या भोकांखाली उष्णता पोचत नाही. ती असेल तर पाणी पूर्ण काढून टाका. कापडांच्या लेबलवर इस्त्रीच्या चित्रात ठिपके असतात. एक म्हणजे साधारण ११० अंशांपर्यंत, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. सुती शर्टासाठी दोन ठिपक्यांच्या जरा पुढे ठेवा. गादीवर, घडी घातलेल्या चादरीवर करू नका, सगळा दाब गादी खाऊन टाकते. ओट्यावर किंवा जाड फळीवर एकपदरी सुती कापड पुरे. बटर पेपर ठेवा, दोन्ही हातांनी अंगाचा भार टाका, पंधरा-वीस सेकंद हलू नका. उचला, शेजारी ठेवा, आधीच्या जागेवर थोडी चढवून पुन्हा दाबा. इस्त्री फिरवायची नाही. फिरवली की वितळलेल्या डिंकावर डिझाइन सरकतं. चप्पल, छत्री, रेनकोट यांवर हे प्रयोग नकोत. पाणी झटकणाऱ्या लेपावर साधा डिंक धरत नाही.

मग धुणं

निदान पहिला दिवसभर पाणी नको. डिंकाला पूर्ण पकडायला २४ तास द्या. मंडळांना हे परवडत नाही, पण त्यांचे शर्ट तसेही मिरवणूक संपल्याशिवाय धुतले जात नाहीत.

शर्ट उलटा करून, साध्या पाण्यात, साध्या पावडरीने धुवायचा. आपल्या घरांत त्याला खरा धोका असतो तो रात्रभर भिजत घालण्याचा, दगडावर धोपटण्याचा आणि कॉलरवर फिरता फिरता प्रिंटवरही फिरणाऱ्या ब्रशचा. पिळायचा झाला तर नुसता दाबून पाणी काढा, पीळ बसला की प्रिंटला घडीवर भेग पडते. ब्लीच आणि सॉफ्टनर नको. गुलाल लागला असेल तर शर्ट कोरडाच झटका, ओला झाला की तो धाग्यांत उतरतो. डाग काढायला थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश काढायचं पाणी वापरलंत तर डागाबरोबर डिंकही जाईल. वाळत घालतानाही उलटाच, सावलीत.

चौकातल्या इस्त्रीवाल्याकडे शर्ट गेला की खरी कसोटी लागते. कोळशाच्या इस्त्रीला ठिपके नसतात. ती प्रिंटवर थेट टेकली की डिंक पुन्हा वितळतो आणि मंडळाचं नाव त्याच्या इस्त्रीला चिकटतं, पुढच्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टासाठी. शर्ट उलटा करूनच द्या आणि तसं तोंडाने सांगा. नुसता उलटा दिला तर तो बिचारा चांगुलपणाने सुलटा करून इस्त्री करतो.

कोपरा उचललेला दिसला की ओढू नका, कात्रीने कापूही नका. लगेच दाखवलात तर बटर पेपर ठेवून दहा-पंधरा सेकंदांत पुन्हा बसतो. पण तसाच चार वेळा धुतलात, की खालच्या डिंकात धूळ आणि कापडाची लव भरते, मग तो कशानेही धरत नाही. काठ पूर्ण कोरडा असेल तरच दाबा.

त्या मुलाचं टिंब मात्र हरवलेलंच होतं. खणात त्याच पिवळ्या व्हायनिलचा तुकडा मिळाला. त्यातून पाच मिलिमीटरचा ठिपका कापला, शर्ट दोनदा कोरा दाबून वाफ काढली, ठिपका ठेवला आणि वरून दोनदा दाब दिला. नवा असल्याने तो बाकीच्या अक्षरांपेक्षा किंचित जास्त पिवळा दिसतो. पुढच्या वर्षी मिरवणुकीत लांबून मी त्याला त्या टिंबावरून ओळखलं.